दहा आकड्यांची हवा

माझी धाकटी बहीण बारीक केसांची कारागीर आहे. पार्लरवाली म्हणत नाही मी, कारागीर म्हणतो. पार्लरवाल्या पुष्कळ आहेत. दाट केसांवर कुणीही हात फिरवावा, काहीतरी होतंच. पण जिचे केस कोळ्याच्या जाळ्यासारखे, सकाळी फुगवले की दहा वाजेपर्यंत टाळूला चिकटणारे, अशा बाईला तिच्याच घरात, तिच्याच आरशासमोर, दिवसभर टिकतील असे केस बसवून देणं आमच्या भागात एकाच माणसाला जमायचं. ती माझी बहीण. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं, फक्त जरा हळू आवाजात.

तिला घरात कापशी म्हणतात. जन्मली तेव्हा डोक्यावरचं पाहून वडील म्हणाले होते, ही तर पिंजलेल्या कापसाची पोरगी. नाव पडलं ते पडलं. शाळेत पोरी तिच्या वेणीला उंदराची शेपटी म्हणायच्या. त्यातल्या दोघींच्या भावांना मी धरून बदडलं होतं. वेणी काही जाड झाली नाही त्यानं, पण शेपटी म्हणणं बंद झालं.

मी मोटारी भरतो. म्हणजे पंख्याची, मिक्सरची, पंपाची मोटार जळली की आतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून देतो. सातवीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आईचं आणि माझं एकमत नाही. पण चौकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत कुणालाही विचारा, मी भरलेली मोटार वर्षाच्या आत परत आली असं एक उदाहरण दाखवा. आमच्या घराण्याचा हातच तसा. माझा तारेत चालतो, तिचा केसांत. तार आणि केस यात फरक तो काय, एक तांब्याची एवढंच.

वडील लवकर गेले. आई कारखान्याच्या उपाहारगृहात भांडी सांभाळायची, मी दुकानात असायचो. कापशी घरी एकटी आरशासमोर बसायची आणि स्वतःच्या डोक्यावर प्रयोग करायची. कुणी शिकवलं नाही तिला. आईचेही केस तसलेच, त्यामुळे प्रयोगाला डोकी दोन होती.

कुठलीही नवी बाई आली की कापशी आधी कंगव्यातला एक केस काढून पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि शेजारी शिवणाचा दोरा. बाईला म्हणायची, "बघा, दोरा दिसतो, केस शोधावा लागतो. म्हणजे तुमचे केस बारीक आहेत." शिवणवाल्या मावशी तिचं पहिलं गिऱ्हाईक. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. त्या तर रडकुंडीला आलेल्या, टक्कल पडतंय म्हणून.

"मावशी, टक्कल कुठंय? भरपूर केस आहेत तुम्हाला. विरळ वेगळे आणि बारीक वेगळे. तुमचा एकेक केस बारीक आहे, पण आहेत भरपूर."

"तीस वर्षं झाली, टोपी घालून फिरायचं तेवढंच बाकी राहिलं होतं गं."

"तेल बंद करा. टाळूला तर लावूच नका. बारीक केसाला ओझं सोसत नाही."

हाच तिचा सगळा धर्म. ओझं नको. हनुवटीपर्यंत सरळ कापायची, थर पाडायचे नाहीत, कारण टोक सरळ असलं की केस जास्त वाटतात. धुतल्यावर कधी चोळायची नाही, जुन्या सुती कपड्यात नुसते दाबायची. केस फुगवायचा फेस लिंबाएवढा, तोही मुळाशीच. भांग रोजच्या बाजूला न पाडता उलट्या बाजूला, म्हणजे केस आपणहून उभे राहतात, त्यांना सवय नसते ना आडवं पडायची. गोल ब्रश तिनं तीन बदलले. पहिल्याच्या आत धातूची नळी होती, ती तापायची, तो तिनं बाटल्या घासायला काढला. दुसरा केस तोडायचा. तिसरा लाकडी, तो तिनं ठेवला.

आणि हवा. केसांची बट ब्रशवर घ्यायची, मुळाशी गरम हवा द्यायची आणि मोठ्यानं दहा आकडे मोजायचे. दहाला हवा बंद. मग ब्रश तसाच धरून पुन्हा दहा आकडे थंड होऊ द्यायचं, कारण केस गरम असताना वळतो आणि थंड होताना ते वळण लक्षात ठेवतो. हे तिचं म्हणणं. रविवारी सकाळी ती पुढच्या खोलीत खिडकीशी आईचे केस करायची तेव्हा मी आत अंथरुणात ते आकडे ऐकत पडायचो. एक, दोन, तीन. आईचं मधेच बोलणं, तिचं "थांब गं, सात झालेत", आणि परत आठ. आमच्या घरातला रविवार त्या आकड्यांचा होता.

तिचा ड्रायर मात्र भंगारातला. कुणीतरी टाकून दिलेला. हवा अशी की मेणबत्ती विझायला दोनदा विचार करील. मला लाज वाटायची. अख्ख्या भागाच्या मोटारी भरणाऱ्याची बहीण, आणि हातात हे दमेकरी यंत्र.

"नवा घेऊ एखादा," मी म्हणायचो.

"मला हाच बरा आहे, दादा. मवाळ आहे."

"मवाळ नाही, मरायला टेकलाय."

"असू दे. आमचं जमतं."

मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि नवरीचे केस करायचं काम कापशीकडे आलं. अर्ध्या भागाच्या बायका त्या खोलीत बसून बघणार. मला काही चैन पडेना. लग्नाच्या आदल्या सकाळी मी ड्रायर मागितला. म्हटलं, आत केस अडकलेत, साफ करून देतो. तिनं दिला. दुकानात मी तो उघडला आणि आतली तापणारी कॉइल काढून दुप्पट ताकदीची बसवली. जास्त तापला की आपोआप बंद करणारी एक पट्टी असते, ती गंजलेली दिसली, म्हणून काढून तार थेट जोडली. दोन तासांत काम. वरून पुसून चकचकीत केला. तिला म्हटलं, साफ केलाय. बाकी काही बोललो नाही. ठरवलं होतं की लग्न पार पडलं, सगळ्या वाहवा करायला लागल्या, की मग सांगायचं, ही करामत कुणाची ते.

दुसऱ्या दिवशी कापशी दुपारी परत आली. पिशवी खाली ठेवली आणि खिडकीशी बसली.

"काय झालं?"

"बट जळली. कपाळाजवळची. चार बोटं."

"नवरीची?"

"मग काय माझी? मी कापून टाकली, भांग फिरवून झाकली. फोटोत कळणार नाही. मावशी पण काही बोलल्या नाहीत."

"मग झालं तर."

"झालं काय? आकडा चुकला माझा, दादा. सुरुवातीला मनगटावर हवा घेऊन बघितली होती, रोजच्यासारखीच होती. सगळ्या बोलत होत्या, मी हसत होते. दहाच्या जागी पंधरा मोजले असतील. वीसही असतील. मला आठवतच नाही."

मी म्हणालो, "होतं गं. हात आहे, यंत्र थोडंच आहे."

हे वाक्य मी बोललो.

आता कुणी विचारील, तेव्हा तुला कळलं नाही का? नाही कळलं. माझ्या हातचं काम बिघडू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिचा हात चुकला असेल हे मला पटलं, माझा चुकला असेल हे मनात आलंच नाही. कॉइलचं सांगायचं राहूनच गेलं. रडणाऱ्या माणसाला कोण सांगणार, बघ मी तुझा ड्रायर किती झकास केला होता.

गिऱ्हाइकं येत होती, पण कापशीच त्यांना दारातून परत पाठवायला लागली. "माझा आकडा चुकतो," म्हणायची. ड्रायर कपाटात गेला. मावशी स्वतः दोनदा येऊन गेल्या, तर ही मागच्या दारानं पसार. सहा महिन्यांनी बसनं पाच तास लागतात अशा मोठ्या शहरात एका केसांच्या दुकानात कामाला लागली. डोकी धुवायच्या कामाला. गरम हवेच्या कुठल्याच वस्तूला हात लावणार नाही, ही अट घालून. एवढा मोठा हात, आणि नळाखाली.

अडीच वर्षांत दोनदा आली. दोन्ही वेळा आईचे केस नुसते विंचरले, रबर लावलं. रविवारी घर असं गप्प असायचं की मी सकाळीच दुकान उघडायला लागलो. मोटार चालू केली की बरं वाटायचं.

मग आई न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. हात गळ्यात. वेणीफणी माझ्याकडे आली. रविवारी कापशीचा फोन यायचा, तो खिडकीत उभा करून ठेवायचा आणि ती तिकडून शिकवायची.

"टॉवेलनं चोळू नकोस."

"चोळतोय कुठं?"

आई म्हणाली, "चोळतोय गं. तळ घासतोय पातेल्याचा."

"दादा, तुझा जुना सुती टी-शर्ट घे. नुसता दाब. पाणी आपणहून येतं."

"त्याला ग्रीसचा वास येतो."

"मग धुतलेला घे, एवढं पण मी सांगू का? हां, आता मोठ्या दातांचा कंगवा. खालून सुरू कर."

"खालून म्हणजे?"

"टोकाकडून. वरून ओढलंस तर गुंता घट्ट होतो. तार गुंतली तर तू काय करतोस?"

"टोक शोधतो."

"मग तेच की. आणि गरम हवा नको. डोकं पुढं वाकवून पंख्याखाली बसव तिला."

तीन रविवार मी सांगितल्याप्रमाणे वागलो. चौथ्या रविवारी आईची कारखान्यातली जुनी मैत्रीण भेटायला येणार होती. मला वाटलं, आईला जरा नीट दाखवू. कपाटातून ड्रायर काढला. मीच बनवलेली वस्तू, मला कसली भीती? लाकडी ब्रश घेतला, बट गुंडाळली, हवा लावली आणि कापशीसारखे मोठ्यानं आकडे मोजले. पहिल्या बटा छान झाल्या. आईनं आरशात बघून मान हलवली. पाच मिनिटं झाली असतील. पुढची बट घेतली. चार, पाच, सहा.

"अरे, जळकं कशाचं येतंय?" आई म्हणाली.

सातला मी ब्रश काढला. बट आकसून मक्याच्या वाळक्या तुऱ्यासारखी झाली होती.

मी मोजण्यात चुकलो नव्हतो. मोठ्यानं मोजत होतो, आई साक्षीला होती. सातच.

ड्रायर दुकानात नेऊन उघडला. आत माझी कॉइल, टोकाला माझीच गाठ, तीन वेढ्यांची, डावीकडून. दुसऱ्या कुणाची असती तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. कॉइल दुप्पट केली होती आणि पंखा तोच म्हातारा ठेवला होता. उष्णता ढकलायला वारा नाही. पहिल्या मिनिटाला मवाळ, पाचव्या मिनिटाला भट्टी. बंद करणारी पट्टी मीच काढून टाकलेली. मोटारीच्या धंद्यात पहिल्या महिन्यात पोरांना शिकवतात हे. आणि मी, ज्याची मोटार परत येत नाही, तो.

पुढच्या रविवारी सांगायचं ठरवून बसलो होतो. फोन आला तो कापशीच आधी बोलली.

"आई, मालकीणबाईंनी मला खुर्ची देऊ केलीय. धुणं बंद, केस करायला उभी राहा म्हणतात."

"मग राहा की," आई म्हणाली.

"नाही म्हटलं मी. ब्रश धरला की ती जळकी बटच दिसते. पुढं पण धुवायचंच असेल तर इथं कशाला राहू? महिनाअखेर सोडते हे. घरी येते. तुझा हात पण तसाच आहे."

आईचा चेहरा असा फुलला की मी फोनकडे पाठ केली. ताकाला जाऊन भांडं लपवायला मला कधी लागलं नाही, त्या दिवशी लागलं. मी एवढंच म्हणालो, "ये, ये."

दोन दिवस मी दुकानात शीळ घालत होतो. खरं सांगतो, घालत होतो. ती येणार. खिडकीशी बसणार. रविवारी सकाळी घरात आवाज होणार. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं काही कष्टाचं काम नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईला सगळं सांगितलं. कॉइल, पंखा, पट्टी. ती ऐकत राहिली.

"मग तिला सांग."

"सांगितलं तर ती खुर्ची घेईल. तिथंच राहील."

"ते मलाही कळतं."

"मग काय करू?"

"मला विचारू नकोस," आई म्हणाली. "मी आई आहे. मी म्हणेन, येऊ दे." आणि डाव्या हातानं ताट उचलून आत गेली.

गुरुवारी दुपारी, तिची जेवणाची सुट्टी असते त्या वेळी, मी दुकानातून फोन केला.

"कापशे."

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ऐक. लग्नाच्या दिवशी तू किती मोजलेस?"

"दादा, नको ना तो विषय."

"दहाच मोजलेस तू."

"तू होतास का तिथं?"

"मी ड्रायरमध्ये होतो," मी म्हणालो, आणि सांगून टाकलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. तिकडून कुठल्यातरी नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"कॉइल कितीची?"

"दुपटीची."

"आणि पंखा?"

"तोच."

"मला का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर सांगणार होतो. वाहवा घेणार होतो."

"आणि नंतर?"

"नंतर मला वाटलं, तूच चुकलीस."

तिकडे नळ पुन्हा सुरू झाला आणि बंद झाला.

"तीन वर्षं मी मोजतेय, दादा. रोज झोपताना दहापर्यंत. चुकते का बघायला."

"चुकलीस कधी?"

"नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी शिवणवाल्या मावशींच्या दुकानात गेलो. चार बायका कापड निवडत होत्या. त्यांच्यादेखत सांगितलं, बट माझ्यामुळे जळली, कापशीची काही चूक नव्हती. आयुष्यात मी कुणासमोर असा उभा राहिलो नाही. मावशींनी मशीन थांबवली.

"मोटारी भरणाऱ्यानं केसांत शिरू नये रे," म्हणाल्या. "आणि तिला कळव, मी राग धरला नव्हता. मी काय म्हणून दोनदा आले होते?"

त्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी आला. आईनं कानाला लावला, मी हात पुसत जवळ येऊन उभा राहिलो. आई "हो का", "अगं बाई" करत होती, मग म्हणाली, "तीन नंबरची खुर्ची? म्हणजे दारापासून तिसरी का?" तिनं बारीक केसांची पहिली बाई केली होती, ती बाई आरशासमोरून उठायला तयार नव्हती म्हणे. आई हसली. मग म्हणाली, "दादा इथंच आहे, देऊ?" ऐकलं. "बरं," म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पुढच्या वेळी."

याला आता दोन महिने झाले. आईचं मनगट बरं झालं, तरी केस मीच करतो, पंख्याखाली. आई म्हणते, तिच्यासारखं नाही जमत तुला. मी म्हणतो, कुणालाच जमत नाही, मला एकट्यालाच का बोलतेस? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, मोठ्या शहरात, तीन नंबरची खुर्ची, आठ-आठ दिवस आधी सांगावं लागतं. विचारतात, येते कधी? मी म्हणतो, तिला वेळ कुठाय.

मागच्या महिन्यात औषधाच्या दुकानातल्या बाई पंखा घेऊन आल्या. कापशीचं जुनं गिऱ्हाईक. मुलाकडे त्याच शहरात निघाल्या होत्या. मी पत्ता लिहून दिला, बस कुठली ते सांगितलं, दारापासून तिसरी खुर्ची हेही सांगितलं.

"तुम्ही पाठवलं म्हणून सांगू ना?"

"सांगा," म्हणालो. मग म्हटलं, "नको. नुसत्या जा."

काल त्या पंखा न्यायला आल्या. डोक्यावरचं बघूनच मी पाना खाली ठेवला.

"विचारलं हो तिनं, कुणी पाठवलं. मी काही खोटं बोलले नाही."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. पण दुसऱ्या बाईला थांबवून ठेवलं आणि माझे फार सावकाश केले."

मी म्हटलं, "बाई, जरा पाठमोऱ्या उभ्या राहता का?"

त्या हसल्या, पण राहिल्या. मुळाशी हलके उचललेले, भांग उलट्या बाजूला, खाली सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. पाच तास बसमध्ये बसून आलेले केस, तरी आडवे झाले नव्हते. मी कारागीर आहे, मला दुसऱ्याचा हात ओळखता येतो. प्रत्येक बटेला किती वेळ दिला ते मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं.

"झालं का बघून?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो.